बिनसाखरेचा चहा

“मास्तर, ती मला आई का म्हणत नाही?”

सिद्राम मास्तर पायपेटीवरचं कापड काढत होते. त्यांनी कापडाची सावकाश घडी घातली, ती बाजूला ठेवली आणि मग समोर बसलेल्या बाईकडे बघितलं.

“कोण ती?”

“रेणू. माझी रेणू.”

मास्तरांनी पेटीचं झाकण उघडलं.

ही बाई म्हणजे सुगंधा तारदाळकर. या नावानं तिला आता कुणी ओळखत नाही. पण माईसाहेब म्हटलं की बायका हातातली भाजी खाली ठेवून बघतील. रोज रात्री आठ वाजता टीव्हीवर यायच्या त्याच या माईसाहेब. नाकात मोठी नथ, पदर डोक्यावरून, आणि डोळ्यांत कायम पाणी.

कुरुंदवाडात गाडीतून उतरली तेव्हा तिच्याभोवती बायका जमल्या. एकीनं तर आपलं तान्हं पोर तिच्या हातात दिलं. म्हणाली, माईसाहेब, याच्या डोक्यावरून हात फिरवा, रात्ररात्र झोपत नाही बघा, काय होतंय कळत नाही. सुगंधानं हात फिरवला. पोर तिच्याकडे बघून हसलं. मग तिला पुढे चालवेना, थोडा वेळ ती तिथंच उभी राहिली.

टीव्हीच्या आधी ती याच मास्तरांच्या संगीत नाटक मंडळीत गायची. परकर नेसायची तेव्हापासून मास्तरांनी तिला शिकवलं होतं. मास्तर पायानं भाता हलवत पेटी वाजवायचे आणि ती समोर उभी राहून राणीची पदं म्हणायची. नवरा रेणू वर्षाची व्हायच्या आत अपघातात गेला. तरी गाणं सुटलं नाही. उलट त्या गाण्यावरच दोघींचं चाललं.

रेणू चार वर्षांची झाली आणि मुंबईहून बोलावणं आलं. थोड्या दिवसांचंच काम आहे म्हणाले. सुगंधानं पोरीला थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे ठेवलं. नाटकाचा दौरा ठरलेला होता, तो मोडला. थोड्या दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. एक मालिका संपली, मग माईसाहेबांची आली, ती संपेचना. दिवाळीला ती यायची, फ्रॉक आणायची. फ्रॉक दरवेळी आखूड व्हायचा.

आता रेणू एकोणीस वर्षांची आहे. आक्काकडेच राहते, पण सगळा दिवस मास्तरांकडे असतो. गाणं शिकते, मास्तरांचं चहापाणी बघते. आईशी भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पाहुणीशी बोलावं तसं बोलते.

“तुला मारलं म्हणे त्या मालिकेत,” मास्तर म्हणाले.

“हो. जिन्यावरून पाडलं.”

“तिथल्या भिंतीला फोटो लावलाय ना तुझा. हार प्लास्टिकचा वाटतो.”

“प्लास्टिकचाच आहे मास्तर. खरा रोज कोण बदलणार?”

दोघंही थोडी हसली. मग सुगंधाचं हसू तिच्या तोंडावरच विरलं.

तिनं मनातलं सांगितलं. आता तिच्याकडे काम नाही, वेळ आहे. इथंच खोली घेऊन राहायचं म्हणते. पण पोरगी जवळ बसत नाही. बोलायला गेलं की म्हणते, मला गाण्याला उशीर होतोय. या पोरीनं एकदा आई म्हणावं, बाकी काही नको.

“तुमचं ऐकते ती,” सुगंधा म्हणाली. “तुम्ही सांगा तिला. एकदा बस म्हणावं, एकदा ऐकून घे म्हणावं. मी सगळं पहिल्यापासून सांगेन.”

“पहिल्यापासून?”

“हो. अगदी पहिल्यापासून.”

मास्तर पेटीपुढे बसले.

“दिव्याचं पद म्हण.”

तिला वाटलं, मास्तरांनी ऐकलंच नाही. तिनं परत सांगायला सुरुवात केली. मास्तरांचे पाय हलायला लागले होते. आधी नुसती हवा ऐकू आली, मग सूर आला.

ती म्हणाली, मास्तर, गाऊन किती वर्षं झाली. मालिकेत गाणं होतं, पण आवाज दुसरीचा. मी फक्त ओठ हलवायचे.

“आज आवाज तुझाच लाव.”

तेवढ्यात आतून रेणू चहा घेऊन आली. उंच, सावळी, केसांची एक वेणी. चालताना मान थोडी डावीकडे. सुगंधाची चाल तशीच होती, नाटकात असताना. रेणूनं एक कप मास्तरांच्या जवळ ठेवला, एक सुगंधाच्या पुढे.

“तुमचा बिनसाखरेचा आहे.”

“बिनसाखरेचा... कुणी सांगितलं तुला?”

“मालिकेत तसाच घेत होता ना तुम्ही. सुनेनं एकदा साखर घातली तर कप ढकलून दिला होता.”

रेणूनं टोमणा मारला नव्हता. साधं सांगितलं होतं. तेच जास्त लागलं.

खरं म्हणजे सुगंधाला चहा गोडमिट्ट लागतो. लहानपणी आक्का तिला हसायची, चहा पितेस का पाक पितेस म्हणायची. पण तिनं कप उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. रेणू आत गेली. आत ती मेथी निवडायला बसली असावी, काड्या मोडल्याचा बारीक आवाज येत होता.

“हं,” मास्तर म्हणाले.

सुगंधानं डोळे मिटले. “दीप दिसे दूर मला...”

आवाज फाटका होता, पण होता. ‘दूर’वरची जागा आली आणि सूर घसरला.

“सॉरी. परत घेते.”

ती थांबली. मास्तरांचे पाय थांबले नाहीत. पेटी पुढे गेली होती.

तिनं पहिल्यापासून उचललं. पुन्हा त्याच जागेवर घसरली. पुन्हा थांबली, आणि उगाच समोर भिंतीकडे बघितलं. तिथं कुणीतरी उभं असेल आणि हात वर करून सांगेल, असं.

“परत...”

तिसऱ्यांदा तसंच झालं.

“मास्तर, थांबा ना जरा. मी चुकले.”

“चुकलीस तू. पेटीनं काय केलं?”

“पण मी पहिल्यापासून घेते की.”

“हे कुठं शिकलीस?”

तिनं सांगितलं. तिकडे शूटिंगला तसंच असतं. चुकलं की थांबायचं. मग सगळे थांबतात, दिवे, माणसं, पंखेसुद्धा. तोंडाचा घाम टिपतात, आणि तेच वाक्य परत. दहा वेळा झालं तरी चालतं. त्यातलं चांगलं असेल ते ठेवतात, बाकीचं टाकून देतात. घरी बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही कुठं चुकलं होतं.

“चांगली सोय आहे,” मास्तर म्हणाले.

पाय चालूच होते. पुराच्या साली ही पेटी पाण्यात होती. वाळवली, जोडली, पण दोन पट्ट्या तेव्हापासून मुक्या आहेत. मास्तर त्या टाळत नाहीत. सूर जिथं यायला हवा तिथं बोट ठेवतात, आवाज येत नाही, बोट पुढे जातं.

“कवठ्याचा प्रयोग आठवतो?” त्यांनी विचारलं.

तिला आठवत होता. जत्रेतला मांडव, समोर ही गर्दी. रेणू तेव्हा अंगावर पिणारी. पडद्याच्या आड, जुन्या पडद्याचीच झोळी बांधून तिला निजवलं होतं. ऐन पदात पोर उठली आणि रडायला लागली. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, राणीसाहेब, युवराज उठले. सुगंधाची ओळ तुटली, सूर गेला. पण पेटी थांबली नाही, म्हणून तीही थांबली नाही. गात गात रंगमंचाच्या कडेला सरकली, एक हात आड घातला आणि झोळीला झोका दिला. तोंडानं पद, हातानं झोका. पोर गप झाली. लोकही गप झाले. मग त्या लोकांनी तेच पद पुन्हा म्हणायला लावलं होतं.

“तेव्हा मी थांबले नव्हते,” ती हळूच म्हणाली.

“नाही.”

“तेव्हा ती हाताला लागत होती मास्तर...”

पेटी वाजत होती. सुगंधा पदराच्या टोकाकडे बघत बोलायला लागली, जणू समोर मास्तर नव्हतेच.

रेणूला गोवर आला होता. सात वर्षांची असेल. आक्काचा फोन आला, अंग तव्यासारखं तापलंय, ग्लानीत तुझं नाव घेते, ये. आणि त्या दिवशी मालिकेतही तेच चाललं होतं. मालिकेतली नात आजारी होती आणि माईसाहेब तिच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. सुगंधाला वाटलं, एवढं करते आणि निघते. पण डोळ्यांत पाणी वेळेवर येईना. परत घेतलं. पुन्हा परत घेतलं. मग रेणूची आठवण काढली आणि पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोवर शेवटची गाडी गेली होती. दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, ताप उतरलाय, आता नाही आलीस तरी चालेल.

मग तो भाग टीव्हीवर लागला. रेणू आक्काच्या मांडीवर बसून बघत होती. अंगावरचे डाग गेले नव्हते. तिनं आक्काला विचारलं, त्या मुलीला काय झालंय? आक्का म्हणाली, ताप आलाय. रेणू म्हणाली, बरं झालं, तिच्याजवळ कुणीतरी आहे.

“आक्कानं मला हे परवा सांगितलं,” सुगंधा म्हणाली. “इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं तिनं. मास्तर, मला तो दिवस परत पाहिजे. फोन ठेवला तिथून. मी तोंड धुते, गाडीत बसते, इथं येते... तिथूनच सगळं परत...”



आत मेथीच्या काड्यांचा आवाज थांबलेला होता.

बऱ्याच वेळानं रेणू दारात आली. तिनं सुगंधाच्या पुढ्यातला कप बघितला. चहा तसाच होता, वर साय धरली होती. ती वाकली आणि कप उचलला.

“गार झाला हा,” ती म्हणाली. “दुसरा आणू का?”

सुगंधानं तिच्याकडे बघितलं. पोरीच्या हनुवटीखाली एक बारीक खूण होती. ती कधी झाली, कशी झाली, तिला माहीत नव्हतं.

“रेणू, तुला तो गोवर आला होता ना, त्या वेळी मी...”

डोळे भरले. खालची पापणी आधी, मग एक थेंब डाव्या गालावरून. हे रडणं रेणूनं रोज आठ वाजता बघितलेलं होतं. तिनं नजर खिडकीकडे वळवली.

सुगंधाला ते कळलं. तिनं घाईघाईनं गाल पुसला.

“थांब. असं नाही. नीट सांगते. पहिल्यापासून...”

रेणू आत गेली नाही. गार कप दोन्ही हातांत धरून उभी राहिली. चहाचं विचारलं होतं त्याचं उत्तर अजून आलं नव्हतं.

मास्तरांचे पाय चालूच होते. बोट मुक्या पट्टीवर पडलं, आवाज आला नाही, बोट पुढे गेलं.

त्यांनी मान वर केली नाही.

“सुगे,” ते म्हणाले, “पुढची ओळ घे.”