शेंगांची माळ

फार पूर्वी डोंगराच्या खांद्यावर एक गाव होतं, आणि त्या गावात माणसांपेक्षा धुक्याचाच मुक्काम जास्त. सकाळी उतरलेलं धुकं कधीकधी संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. पुढे चालणारा माणूस म्हणजे नुसती सावली, तीही नशिबात असली तर.

म्हणून त्या गावाची एक रीत होती. पोर एकट्यानं बाजाराला जाण्याएवढं मोठं झालं, की त्यानं स्वतःसाठी काहीतरी वाजणारं करून अंगावर घालायचं. त्याला म्हणायचे ‘खूण’. कुणी कुणाची नक्कल करायची नाही, एवढाच नियम. कुंभार डुलत चालायचा, तर त्याच्या टोपीला कवड्या. भांडखोर आत्याबाईंच्या हातात कोपरापर्यंत पितळी काकणं. आत्याबाई यायच्या आधी त्यांचं भांडण यायचं. वैद्यबुवांच्या पायात खडावा, टक… टक… तो संथ आवाज ऐकूनच आजाऱ्याला निम्मं बरं वाटे. आणि पाटलाच्या लेकीच्या पायात चांदीचे पैंजण. ती कशाला म्हणून भीत नसे. वाटेनं नेहमी सगळ्यांच्या पुढे, छुमछुम छुमछुम. मागचे लोक म्हणत, “पैंजण वाजतायत ना? मग वाट चांगली आहे. चला!”

याच गावात एक मुलगी होती, ती सारखी दचकायची. पान पडलं, दचकली. मांजर शिंकलं, दचकली. कुणी मागून नुसतं “काय गं?” म्हटलं तरी काळजात धस्स! आणि फारच घाबरली तर घसा असा आवळायचा, की तोंड उघडं आणि आवाज नाही.

खूण करायची वेळ आली तेव्हा ती रानात शिरीषाखाली जाऊन बसली. वरच्या वाळक्या शेंगा जराशा वाऱ्यानंही खुळखुळत होत्या. तिला त्या अगदी आपल्या वाटल्या. तिनं त्या दोऱ्यात ओवल्या आणि माळ गळ्यात घातली. माळ झाली सुरेख, पण पंचाईत अशी, की ती पावलं इतकी हलकी टाकायची की चालताना माळ वाजायचीच नाही. दचकली की मात्र खळ्ळकन वाजायची. आता तर सगळ्या गावाला कळायला लागलं.

“शेंग दचकली, शेंग दचकली!” पोरं ओरडायची.

“आता काय झालं गं, बये? झुरळ दिसलं की भूत?” आत्याबाई विचारायच्या.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण रोजचं हसू रोज थोडं थोडं टोचतं.

एकदा खालच्या गावी बाजाराला गेल्यावर पाटलाची लेक तिला म्हणाली, “मी आज मावशीकडेच राहतेय. घरी सांगशील?”

मुलीनं मान हलवली, पण नजर पैंजणांवरून निघेना.

“काय बघतेस एवढं?”

“काही नाही… हे घातले की भीती वाटत नसेल, नाही?”

पाटलाची लेक खो खो हसली. “वेडी का काय! मला आधीच वाटत नाही. पण हौस आहे ना? घाल की! उद्या परत दे.”

“आणि नियम?”

“एका दिवसानं नियम काही मोडून पडत नाही.”

मुलीनं माळ उतरवून खांद्याच्या पिशवीत टाकली आणि पैंजण चढवले. आणि खरं सांगायचं तर पाय नवेच झाले! एरवी ती बाजारकऱ्यांच्या रांगेत शेपटाला असायची. आज सगळ्यांच्या पुढे निघाली. धुकं दाटलं तरी थांबली नाही. छुमछुम करत ओढ्यावरच्या लाकडी साकवापर्यंत पोचली आणि तशीच वर चढली.

चौथं पाऊल टाकलं, तर खाली फळीच नव्हती.

सकाळी सगळे याच साकवावरून आले होते, पण दुपारी फुगलेल्या ओढ्यानं त्याचा मधला भाग नेला होता. ती कमरेपर्यंत खाली गेली आणि कशीबशी कठड्याच्या खांबाला बिलगली. पाय खाली लोंबत होते आणि लटलट कापत होते. ते कापत होते, तसे पैंजण वाजत होते, छुमछुम छुमछुम.

मागून आवाज आला. “ऐकलंत का? पाटलाची लेक साकवावर नाचतेय वाटतं!” हा कुंभार. “वाट मोकळी आहे. पाय उचला!”

डोक्यावर ओझी घेतलेलं सगळं गाव झपाझप साकवाकडे येत होतं. तिला ओरडायचं होतं, “येऊ नका!” पण घसा आवळलेला. पाय थांबवायचे, तर तेही ऐकेनात. कवड्या जवळ आल्या, काकणं जवळ आली.

तिनं एका हातानं खांब धरून ठेवला, दुसरा पिशवीत घातला आणि माळ बाहेर ओढली. हलवायची गरजच पडली नाही, हातच तेवढा थरथरत होता. खळखळ, खळखळ, खळखळ!

खडावा थांबल्या. “थांबा,” वैद्यबुवा म्हणाले, “या शेंगा.”

“अहो, ती काय, पान पडलं तरी दचकते,” कुंभार म्हणाला.

“दचकते ना?” आत्याबाईंनी काकणांचा हात त्याच्या छातीपुढे आडवा धरला. “पण पान पडलेलं असतं की नाही? ती दचकली आणि तिथे काहीच नव्हतं, असं एकदा तरी झालंय का? पुढे पाऊल टाकलंस तर बघ!”

ओझी खाली ठेवली गेली. वैद्यबुवा काठीनं चाचपत हळूहळू पुढे गेले. फळी संपली तिथे त्यांना ती सापडली. सगळ्यांनी मिळून तिला वर ओढलं. मग एकेकानं वाकून ते भगदाड पाहिलं. आत्याबाईंनीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी तिनं पैंजण परत केले.

“चांगले नव्हते?” पाटलाच्या लेकीनं विचारलं.

“छान होते,” मुलगी म्हणाली, “पण ते तुझं सांगत होते.”

मुलगी अजूनही मांजर शिंकलं की दचकते, आणि पोरं अजूनही हसतात. पण धुकं दाटलं, की तीच पोरं म्हणतात, “शेंगूताई, तू पुढे हो.” मग पाटलाच्या लेकीच्या शेजारून ती हलक्या पावलांनी चालते. पैंजण वाजत असतात, पण मागचे लोक कान देतात तो शेंगांकडे. शेंगा गप्प असल्या, की म्हणतात, “वाट चांगली आहे. चला!”

तात्पर्य: दुसऱ्याचा साज अंगाला शोभेलही, पण वेळ आली की आपलं म्हणणं लोकांपर्यंत पोचतं ते आपल्या स्वभावातून घडलेल्या लेण्यातूनच.