भिकाजी धनेशाची जादा सुटी

त्या राज्यात झाडे जंगलाची होती, फळे झाडांची होती आणि दिवस कोठाराचे होते.

कोठार म्हणजे डोंगराच्या पोटातली एक मोठी, थंड गुहा. राज्यातले पक्षी दिवसभर लांबलांबची फळे चोचीत धरून तिथे आणून टाकत आणि सूर्य कलला की त्यातलाच थोडा वाटा घेऊन घरी जात. वर्षातले काही दिवस पक्ष्यांना स्वतःचे म्हणून मिळत, बाकीचे कोठाराचे. हे कोणी ठरवले ते कोणालाच सांगता येत नसे. कोठाराचा मालक कोणी पाहिलेला नव्हता. त्याच्या तब्येतीची चौकशी मात्र सगळे करत.

भिकाजी नावाचा एक धनेश तिथे उंबर वाहण्याच्या कामावर होता. तो स्वतःला हुशार समजत असे. ओळखीत दुसरे कोणी तसे समजत नसल्यामुळे हे काम त्यालाच करावे लागे. धनेशाच्या चोचीवर दुसऱ्या चोचीसारखे एक पोकळ शिंग असते. त्याबद्दल तो म्हणे, "देवानं मला डोक्यावर माळा बांधून दिला. ठेवायला मात्र अजून काही सापडलं नाही."

त्या वर्षी त्याची बायको येसू ढोलीत बसली. धनेशांची रीतच अशी, की अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढी एक चीर तेवढी राहते. आत तिची पिसे झडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. नवरा जे आणील त्यावर तिचे आणि पिल्लांचे पोट.

भिकाजी रोज संध्याकाळी येई, चिरेतून उंबर आत सोडी आणि फांदीवर बसल्या बसल्या झोपून जाई.

एकदा येसू आतून म्हणाली, "अहो, तुम्ही आणता त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एखादा अख्खा दिवस इथं बसाल का? मला या चिरेतून आभाळाची एक रेघ दिसते. रेघेशी किती बोलणार?"

भिकाजीला वाईट वाटले, कारण त्याचे स्वतःचे दिवस संपले होते. एक दिवस चुलतभावाच्या लग्नात गेला होता. तिथे तो जेवणाच्या रांगेत उभा राहिला आणि त्याची पाळी येईपर्यंत जेवण आटोपले. एक दिवस मालकाच्या वाढदिवसाला आपणहून हजर राहण्यात गेला. उरलेले कुठे गेले ते त्यालाही आठवेना.

"मीच खाल्ले ते," तो म्हणाला. "साधा ढेकरही आला नाही."

याच सुमारास कोठाराने एक नवी सोय जाहीर केली. गुहेच्या तोंडाशी दाजिबा नावाचा पोपट बसे आणि मालकाच्या वतीने बोले. त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितले, की मालकांना पक्ष्यांच्या घरच्या सुखाची फार काळजी वाटते. म्हणून यापुढे ज्याला हवे त्याने आपल्या वाट्यातले उंबर देऊन जादा दिवस विकत घ्यावेत.

भिकाजी पुढे सरसावला. असल्या वेळी आपण प्रश्न विचारले पाहिजेत, असे त्याला नेहमी वाटे.

"दाजिबा, विकत घेतलेला दिवस कोणाचा?"

"तुमचा, भिकाजीराव. संपूर्ण तुमचा."

"आणि त्या दिवशीचं माझं काम?"

"तेही तुमचंच. परत आल्यावर करायचं."

दोन्ही गोष्टी आपल्याच वाट्याला येत आहेत, हे पाहून भिकाजीला समाधान वाटले.

"वाट्यातून किती कापणार?"

"थोडंसं. रोज थोडं थोडं. कळतसुद्धा नाही."

"पोटाला कळेल ना," मागून गेनू बुलबुल म्हणाला.

"पोटाला सवय होते," दाजिबा मायेने म्हणाला.

गेनूने दिवस घेतले नाहीत. भिकाजीने चांगले भरपूर घेतले आणि गेनूची कीव करत घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून कपात सुरू झाली. वाटा मिळाला की त्यातले ठरलेले उंबर भिकाजीने आपल्याच चोचीने उचलून भिंतीतल्या एका भोकात टाकायचे, अशी पद्धत होती. ते तो अभिमानाने टाकी. घरी न्यायचे ओझे हलके झाले होते. सुरुवातीला त्याला उडायला सोपे गेले आणि सोयीचा हा आणखी एक फायदा, असे त्याने मनात धरले.

"आज कमी आहेत," येसू म्हणाली.

"यंदा उंबर धरलेच नाहीत फारसे," भिकाजी म्हणाला आणि स्वतः न जेवता झोपला. तिला आनंदाचा धक्का द्यायचा, असे त्याने ठरवले होते.

पहिला विकतचा दिवस आला. भिकाजी उजाडताच चिरेशी जाऊन बसला आणि म्हणाला, "येसू, आज मी कुठं जाणार नाही."

तिने चोचीचे टोक चिरेबाहेर काढले आणि त्याच्या चोचीला लावले. मग दोघे बोलत बसले. शेजारच्या तांबट पक्ष्याचे त्याच्या सासऱ्याशी कशावरून बिनसले, हे तिला ऐकायचे होते. ते त्याने साभिनय सांगितले, आणि सासऱ्याचा अभिनय करताना फांदीवरून पडला. येसू इतकी हसली की लिंपणाचा एक पोपडा निघाला. इतकी सुंदर सकाळ भिकाजीने कधी पाहिली नव्हती. पाहिली असेल तर ती चोचीत उंबर धरून.

ऊन वर आले आणि आतून पिल्ले ओरडू लागली.

"आणलंय ना काही?" येसूने विचारले.

विकतच्या सुटीच्या दिवशी वाटा मिळत नाही, हे दाजिबाने सांगितले नव्हते. भिकाजीच्या प्रश्नांतून नेमका तेवढाच प्रश्न राहून गेला होता. जवळची सगळी झाडे कोठारासाठी राखलेली. तो उडाला, पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला, चोच भरून आला, पुन्हा गेला. अंधार पडला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की आज आपण दिवसभर उंबर वाहिले. रोज हेच करण्याबद्दल त्याला वाटा मिळे. आज हे करता यावे म्हणून त्याने वाटा दिला होता.

तो दाजिबाकडे गेला. "हे दिवस परत घ्या. माझी हौस फिटली."

"घेतलेले दिवस परत होत नाहीत," दाजिबा म्हणाला. "पण तुमची अडचण मालक जाणतात. सुटीवर गेलेल्यांच्या जागा रिकाम्या पडतात. तिथं तुमच्या सुटीच्या दिवशी बदली म्हणून या. जादा वाटा मिळेल."

"कोणाची जागा रिकामी आहे?"

"उद्या ना? उद्या तुमचीच. तुम्ही सुटीवर आहात."

अशा रीतीने दुसऱ्या दिवशी भिकाजी हा भिकाजीच्या जागी कामाला लागला. त्याने काम नेहमीपेक्षा नीट केले, कारण बदलीवर आलेल्याने मूळच्या पक्ष्याची जागा घालवू नये, अशी त्याची समजूत होती. संध्याकाळी जादा वाट्याचे उंबर समोर आले. ते सुकलेले होते, आणि प्रत्येकावर चोचीची एक खूण होती. भिकाजीच्या चोचीच्या टोकाला लहानपणापासून एक खाच आहे. ती खाच त्याने उंबरांवरच्या खुणांना लावून पाहिली. तंतोतंत बसली.

तो गुहेच्या तोंडाशी बसला आणि पोट धरून हसला. "भोकात मीच टाकले, आणि आता मीच कमावले! दाजिबा, तुमच्या मालकाला सांगा, असा नोकर त्याला शोधून सापडला नसता!"

दाजिबाला हा निरोप स्तुतीचा वाटला आणि त्याने तो पोचवला.

घरी आल्यावर भिकाजीने येसूला सगळे सांगितले. हसत हसत सांगितले, पण आतून हसू आले नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "धाकटं कालपासून आवाज करत नाही. माझ्यातलं देत होते मी. पण माझ्यातच काही उरलं नाही."

भिकाजीचे हसू तिथेच थांबले. त्याने चिरेला कान लावला. थोरले पिल्लू कुरकुरत होते. त्याच्या पलीकडे काही नव्हते.

सकाळी तो कामावर गेला नाही आणि कोणाला विचारलेही नाही. सरळ राखलेल्या झाडांत शिरला. राखणीचे कावळे अंगावर आले, त्याची शेपटीची पिसे गेली, तरी तो चोच भरून निघाला. पिकलेले, रसाळ उंबर त्याने चिरेतून आत सोडले आणि तिथेच न बसता पुन्हा गेला. दुपारी येसू म्हणाली, "गिळलं." आणि ऊन उतरताना आतून एक बारीक, चिडलेला आवाज आला. भिकाजीने चिरेला कान लावला.

"याला भूक लागलीय," तो म्हणाला, आणि त्याला रडू आले.

दाजिबाने त्याला बोलावून घेतले. न विचारता घेतलेला दिवस विकतच्या दिवसांतून वजा झाला. राखीव उंबरांबद्दल आणखी बरेच दिवस गेले. एकच उरला. भिकाजीने तो जपून ठेवला. राखणीचे कावळे आता त्याला ओळखू लागले होते. तो मात्र रोज येता-जाता राखीव झाडाचा एखादा उंबर उचलत राहिला आणि त्याबद्दल स्वतःला फारसे बोलला नाही.

पिल्ले वाढली. येसूला नवी पिसे आली. जागा पुरेना, तेव्हा तिने ठरवले की आता भिंत फोडायची. भिकाजीने आपला शेवटचा दिवस काढला, उंबर आदल्या संध्याकाळीच आणून ठेवले, आणि उजाडताच तो ढोलीसमोर हजर झाला. येसूने आतून ठोकायला सुरुवात केली. वाळलेल्या चिखलाचे तुकडे खाली पडले. मग ती बाहेर आली, डोळे मिचकावत, पंख चुरगळलेले, आणि फांदीवर त्याला टेकून बसली.

"केवढं आहे हो हे आभाळ," ती म्हणाली.

ढोलीचे तोंड सताड उघडे होते. ऊन थेट आत पडले होते आणि दोन्ही पिल्ले त्यात दिपून उभी होती.

"या रे," भिकाजी म्हणाला. "आज कोणाचं काही नाही. आज दिवस आपला आहे."

पिल्लांनी बाहेर पाहिले. आभाळाकडे, डोंगराकडे, आईबापांकडे. मग थोरले मागे वळले आणि ढोलीच्या तळातला ओला गाळ चोचीने उचलून कडेला लावू लागले. धाकट्याने दुसरी बाजू धरली. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते, तरी चोच अगदी सराईतपणे चालत होती. भिंत दोन्हीकडून वर चढत गेली.

"बापावर गेलीत," भिकाजी म्हणाला.

गाळ संपला, तेव्हा धाकट्याने उरलेल्या फटीतून चोच बाहेर काढली.

"बाबा," ते म्हणाले, "सुटीच आहे ना तुम्हाला? थोडा चिखल आणा."