गोदाक्काची भुरी

एक होता राजा. राजा म्हणजे काही फार मोठा नव्हे हं, बारा वाड्यांचा. हत्ती नाही, तोफा नाही, पण पागा होती आणि घोड्यांचं वेड होतं. शमे, सगळं पांघरूण ओढू नकोस, बापूचे पाय उघडे पडलेत. तर, राजाला एक राणी होती आणि एकच मुलगी. तिचं नाव हौसा.

हौसा आठ वर्षांची झाली तेव्हा राजा बाजारात गेला आणि तिच्यासाठी घोडा घेऊन आला. पांढराशुभ्र, मान ताठ, आयाळ अशी लांब. पागेत एक म्हातारा मोतद्दार होता, घोड्यांना खाऊपिऊ घालणारा. तो म्हणाला, "महाराज, ह्याला कुणी शिकवलेलं नाही. पाठीवर खोगीर ठेवू देत नाही." राजा म्हणाला, "रूप तर बघ त्याचं." ऐकतोय कोण? मग हौसा बसली. घोडा उधळला. हौसा ओरडली, "आई गं." राणी स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला पीठ तसंच, आणि घोड्याच्या पुढे झाली.

हौसाला खरचटलंसुद्धा नाही. राणी मात्र गेली. हो बापू, खरंच गेली. गोष्टीतसुद्धा जातात माणसं.

मग काय, राजाने तो पांढरा घोडा अंधाऱ्या तबेल्यात कोंडला आणि पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाही. हौसा बोलेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवायला बसवलं तर दहा घास खायची. पुढच्या महिन्यात नऊ. त्याच्या पुढच्या महिन्यात आठ. पहिल्या वैद्याने काढा दिला. दुसऱ्याने लेप दिला. तिसऱ्याने नाडी पाहिली आणि पिशवी आवरून उठला. म्हणाला, "महाराज, आजार नाही. पोरीला जगायचंच नाही." राजा रोज दूधभाताची वाटी घेऊन तिच्या दाराशी बसायचा. तोही काही बोलायचा नाही. भात वाळून जायचा.

एकदा काय झालं, दुपारची वेळ होती. कोंडलेला पांढरा घोडा खिंकाळला, आणि हौसाने मान वळवून खिडकीकडे बघितलं. एवढंच. पुन्हा भिंत. पण बुडणाऱ्या माणसाला काय, काडी पुरते बरं का. राजाने ठरवलं, आता शिकवलेला घोडा आणायचा. अगदी गरीब, रपेटीचा, पोरीला हळूहळू शेतातून फिरवून आणील असा. मोतद्दार म्हणाला, "मग भीमेकाठी गोदाक्काकडे जा. ती घोडे शिकवते. तिचा घोडा तान्ह्या पोराला पाडायचा नाही आणि आंधळ्याला ओढ्यात न्यायचा नाही."

मग राजा निघाला. बरोबर वीस स्वार. गोदाक्का नदीकाठी एका शिंगराला खरारा करत होती. तिने हात काही थांबवला नाही. म्हणाली, "कोन बसनार घोड्यावर?"

"माझी मुलगी."

"मग तिला आन. बसनारं मानूस बगितल्याबिगर मी घोडा दाखवीत न्हाई."

राजा म्हणाला, ती उठत नाही. सोनं देतो. बरं, अर्धं राज्य देतो. गोदाक्का म्हणाली, "अर्ध्या राज्याला चारा कोन घालंल? माझी घोडी हायेत तेवढीच मला पुरं." आणि तिने पाठ फिरवली. राजा वीस स्वारांसकट हात हलवत परत आला. हौसाचे घास चार उरले होते.

मग दुसऱ्यांदा गेला. ह्या वेळी एकटाच. म्हणाला, "मुलीच्या जागी मी बसून बघतो." गोदाक्काने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आतून एक घोडी आणली. नाव भुरी. ठेंगणी, मातकट, एक कान फाटका. राजाचं तोंडच उतरलं. पण बसला बापडा.

आणि काय सांगू, भुरीचे पाय जमिनीत जायला लागले. चांगली कडक मुरमाची जमीन, पण आधी खूर बुडाले, मग नळ्या, मग गुडघे. तिने राजाला पाडलं नाही. नुसती उभी राहून थरथरायला लागली, अंगातून घाम निथळायला लागला.

"उतर," गोदाक्का म्हणाली. "मरंल ती. मानसानं पोटात दडवलेलं वजन माझ्या भुरीला लागतं. काय घेऊन फिरतोयस तू?"

राजाने सांगितलं नाही. कसं सांगणार? मग दोघांनी खोऱ्याने मुरूम उकरून भुरीचे पाय मोकळे केले. राजा रडत रडत घरी आला. राजा असून रस्त्याने रडत आला, लोक बघत होते. दोन घास उरले होते.

मग एक दिवस एकच घास उरला. राजाने राणीचं लुगडं काढलं, हौसाला आपल्या पाठीशी बांधलं आणि चालत निघाला. घोड्यावर घालायची त्याची छाती होईना, आणि पालखीत ती घसरून पडायची. भीमा सात कोस. पहिल्या कोसाला त्याला वाटलं, पाठीवर नुसतं लुगडंच आहे. वर्षापूर्वी हिला उचललं की कंबर धरायची, आणि आता काहीच लागत नव्हतं. चौथ्या कोसाला तो एका बाभळीखाली टेकला. तिचा श्वास ऐकू येईना. त्याला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. आता कुठली घोडी आणि कुठली गोदाक्का, सगळं संपलंच होतं. मग तो बाभळीकडे बघतच बोलला.

"हौसा, तो घोडा मी आणला. मोतद्दार नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही. तुझी आई माझ्यामुळे गेली."

आणि मग पाठीवरून बारीक आवाज आला. वर्षात पहिल्यांदा.

"बाबा, हाक मी मारली होती. मी ओरडले नसते तर आई आली नसती."

बघा, वर्षभर एका छपराखाली दोघं. दोघांच्या पोटात हे असलं. आणि एकाने दुसऱ्याला विचारलं नाही. मला त्या राजाचा रागच येतो कधी कधी. पण तेव्हा मात्र तो नीट बोलला. म्हणाला, "अगं, घाबरलेलं लेकरू आईलाच हाक मारणार. दुसरं कुणाला मारणार?"

हौसा खूप रडली. लुगडं भिजलं. मग म्हणाली, "पाणी द्या."

गोदाक्काने लांबूनच त्यांना येताना पाहिलं. भुरी आपणहून पुढे आली आणि गाय बसते तशी खाली बसली. हौसाला भीती वाटत होती. तरी फाटका कान धरून बसली. भुरी उठली. राजाने डोळे मिटून घेतले. खूर बुडाले, पण खुरांएवढेच. मग भुरीने एक पाय उचलला, दुसरा उचलला आणि चालायला लागली.

राजाने आता गोदाक्काला सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "अक्का, काय देऊ?"

"तो पांढरा घोडा आन," गोदाक्का म्हणाली. "त्याला कुनी शिकीवलंच न्हाई, तर त्याचा काय दोष? वरीसभर अंधारात हाय बिचारा."

राजाचा चेहरा पडला. त्याला नाही सोसलं ते. पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने तबेल्याचं दार उघडलं.

भुरीवर बसली त्याच रात्री हौसाने गोदाक्काच्या चुलीपाशी अर्धी भाकरी खाल्ली. पुढे ती मोठी झाली, राजा म्हातारा झाला, पांढरा घोडा शिकून शहाणा झाला आणि सगळी सुखाने राहिली. फक्त हौसा रपेटीला गेली की भुरीच्या पावलांचे ठसे इतर घोड्यांपेक्षा जरा खोल उमटायचे. ते शेवटपर्यंत तसेच उमटले.

नाही बापू, आई परत नाही आली. तेवढं कुठल्याच घोड्याला जमत नाही.

चला, डोळे मिटा आता. शमी तर केव्हाच झोपली. काय म्हणालास बापू? ऐकू नाही आलं रे. ये, इकडे सरक, पोटात ठेवू नकोस, माझ्या कानाशी सांग. मी जागीच आहे.