कच्ची वीज

टाइलांना अजून वाचा होती तेव्हाची गोष्ट. बंदरावरच्या भिंतीसाठी कुंभारणीने मातीच्या टाइलांवर वादळ रंगवलं. त्यातली विजेची टाइल भट्टीची धग पाहूनच हादरली.

"लाटे, आत गेले तर मी तडकेन गं."

"भीती मलाही वाटतेय," शेजारची लाटेची टाइल म्हणाली आणि आत गेली.

वीज मात्र भाजून निघालेल्या टाइलांच्या चळतीत गुपचूप शिरली. गवंड्याने घाईघाईत तिला तशीच कच्ची भिंतीत बसवली.

मग एके दुपारी समुद्रावरून खरंखुरं वादळ आलं. विजेच्या कडा मऊ पडल्या, रंग ओघळू लागला, अंगाची माती सुटू लागली.

"लाटे," ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "भट्टी अजून पेटलेली असेल का गं?"

लाटेच्या अंगावरून पाणी नुसतं निथळत होतं.