खजुराखालचं रेशीम

गलबत बंदराला लागून तीन दिवस झाले, तरी रणधीर राजाचं रेशीम बाहेर येईना! राजकन्येचं लग्न चार दिवसांवर आलेलं आणि घाट चढायलाच गाड्यांना दोन दिवस हवेत.

राजा तणतणत धक्क्यावर आला. "रेशीम गाडीत कधी पडेल, नेमकं सांगा! चुकेल त्याची जनावरं जप्त!"

जोशीबुवा म्हणाले, "दुपारी." दुपार टळली, बुवांची घोडी गेली. गाडीवान धाकू म्हणाला, "सांजेला." सांज झाली आणि घर चालवणारी त्याची बैलजोडी सरकारजमा झाली!

सकाळी धाकूची लेक भागी राजापुढे उभी राहिली. "मी सांगते, महाराज. बरोबर निघालं तर आमचे बैल सोडा."

"आणि चुकलं तर?"

"तर गाडीला मला जुंपा!"

"बोल, कधी मिळेल रेशीम?"

"कधीच नाही!"

राजाच्या मिशा थरथरल्या. "का? माशांनी नेसलं की काय?"

"छे! गलबतातच आहे." भागी गलबताच्या प्रमुखाकडे, तांडेलाकडे वळली. "काका, सगळ्यात आधी काय भरलंत?"

"महाराजांचं रेशीम! पहिला मान त्यांचाच!"

"आणि त्यावर?"

"गावच्या व्यापाऱ्यांचा खजूर. पार वरपर्यंत!"

"मग मुकादमदादा, खजूर उपसत का नाही?"

हमालांच्या मुकादमानं कानाला हात लावले. "कसा उपसू, बाई? हुकूम आहे! महाराजांचा माल उतरल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं पोतं हलवायचं नाही!"

"अगदी योग्य हुकूम आहे," राजा म्हणाला आणि थबकला. बोटांवर मोजत पुटपुटू लागला, "रेशीम खजुराखाली... खजूर रेशमानंतर... अरे, मग तीन दिवस तुम्ही करत काय होतात?"

"रोज आत उतरतो, महाराज. खजुराला नमस्कार करतो आणि वर येतो!"

"मूर्खांनो, मला सांगितलं का नाहीत?"

सगळे भागीकडे बघू लागले.

"आपला हुकूम चुकला, हे आपल्यालाच सांगायचं कुणी?" भागी म्हणाली.

राजा खाकरला. "बरं, बरं! आता नेमकी वेळ सांग. रेशीम गाडीत कधी?"

"ती वेळ आपल्याच हातात आहे, महाराज! हुकूम मागे घ्या आणि जेवायला बसा. आपण हात धुवाल, तेव्हा गाड्या भरलेल्या असतील!"

राजा इतका हसला की पागोटं घरंगळून धक्क्यावर पडलं! "घेतला! हुकूम मागे घेतला! धाकूचे बैल सोडा, त्यांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवा! आणि आजपासून या बंदरात कुणाचा माल कधी निघेल, ते भागी सांगेल. मीसुद्धा तिलाच विचारणार!"