वटवाघळाचा मोडका पंख

फार जुन्या काळी, जंगलात माणूस यायच्याही आधी, हाडं बसवणारी एकच वैद्यीण होती. केशरमावशी वानरीण.

एकदा वटवाघळाचा पंख मोडला. मावशीने तो धरताच ते किंचाळलं, “हा हात नाही, पंख आहे! मला पाखरांचा वैद्य हवा.”

“पाखरांनीच तुला इकडे पिटाळलंय ना?” मावशी वैतागली. “हा बघ दंड. हे मनगट. ही पाच बोटं, माझ्यासारखीच, नुसती लांबलेली. आता गप बस!” मग स्वतःचा दंड चाचपत तिने त्याचं हाड नीट बसवलं.

बरं झालेलं वटवाघूळ भेटायला आलं, तेव्हा पाणमांजर मोडका पंजा लपवत ओरडत होतं, “हे माझं वल्हं आहे! हातवाल्यांना यातलं काय कळतंय?”

“खरंच की,” वटवाघूळ म्हणालं, “वल्ह्याची गोष्टच वेगळी.”

मावशीने कपाळाला हात लावला. “ये, पंजा घट्ट धर त्याचा. हलला तर माझ्याशी गाठ आहे.”

वटवाघळाने पंजा धरला आणि ते दचकलं. “मावशी, पाच बोटं! मध्ये कातडीसुद्धा! ही तर माझीच...”

“हळू बोल, मेल्या! आपण एकाच पणजीची पोरं आहोत हे त्याला कळलं, तर मोडका पंजा घेऊन पळेल.”