मैलापाण्याच्या तोंडाशी उभी जाळी

गोष्ट जुनी आहे. एका शहराचं मैलापाणी एका कारखान्यात साफ होऊनच नदीत जाई. त्या कारखान्याच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी उभी होती. तिच्यावर बसून बगळा नाक मुरडायचा, "जाळीबाई, घाणीत जन्म गेला तुझा!"

एकदा सण उरकला अन् चिंध्या, निर्माल्य, पिशव्यांचा एवढा लोंढा आला की जाळीचे गज कण्हू लागले.

"वाक की जरा," बगळा म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी वाकले तर मागचे पंप तुंबतील, अन् ही सगळी घाण थेट नदीत जाईल. गप बस!"

सफाईवाल्या येसूमामांनी दाताळ्यानं कचरा ओढून काढेस्तोवर ती तसूभर हलली नाही.

दमली होती, पण मान ताठ. तेवढ्यात बगळा नदीवरून तडफडता मासा घेऊन आला.

जाळी म्हणाली, "नदीत अजून मासे आहेत, शहाण्या. खा मुकाट्यानं."